अक्काची रशियनची तोंडी परीक्षा

माझ्या थोरल्या बहिणीवर अन्याय झाला. १९९४च्या एप्रिलमध्ये, नगरच्या एका कॉलेजात, रशियन भाषेच्या तोंडी परीक्षेत.

पास झाली तर अक्काला पुण्यात पुढच्या वर्गाला जाता येणार होतं. नापास झाली तर शिक्षण बंद, पारनेरला घरी. वडिलांनी तसं बजावलंच होतं. मी दाराबाहेरच्या बाकावर बसलो होतो. दार उघडं होतं.

पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी धडा वाचायला दिला. अक्कानं 'मोलोको' म्हटलं. म्हणजे दूध. पुस्तकात लिहिलंय तसं, तिन्ही ओ खणखणीत. आपण मराठी माणसं, अक्षर दिसलं की ते पुरतं म्हणणार! रशियनमध्ये तसं नाही. त्या शब्दात जोर शेवटच्या ओवर, आणि ओ म्हणून तेवढाच ऐकू येतो. त्याच्या आधीचा 'आ'कडे झुकतो, पहिला तर नुसता पुसट 'अ'. मलाको. खिडकीचं 'ओक्नो' तसंच 'आक्नो' होतं. हे कानानं कळतं, डोळ्यांनी नाही.

"अगं, प्रत्येक ओवर एसटीसारखी काय थांबतेस?" बाई म्हणाल्या. "कॅसेट ऐकली नाहीस?"

कॅसेट होत्या. वर्गाच्या सरांच्या कपाटात, कुलपात. अक्का मागायला गेली तेव्हा सर म्हणाले होते, "काय पारनेर, टेप लग्नात वाजवायचाय का? आधी मराठी तर शुद्ध बोल!" शहरातल्या दोन पोरांना मात्र त्याच कॅसेट घरी न्यायला दिल्या.

आता सर बाईंच्या शेजारीच बसले होते. अक्कानं पुस्तक मिटलं.

"सरांनी कपाट उघडलंच न्हाई, बाई."

सर हसले. "मागायचं होतंस की!"

"मागितली हुती. तवा तुमी काय म्हनला, ते सांगू का हितं?"

सरांचं हसू गेलं. बाईंनी दोघांकडे पाहिलं, आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाळ, मी जे ऐकलं त्यालाच गुण देऊ शकते." नापास.

बाई दुष्ट नव्हत्या. त्याचाच मला जास्त संताप येतो. त्यांना सगळं कळलं होतं, तरी हात थांबला नाही.

तुम्ही मास्तर असा, परीक्षक असा. कुणाचा उच्चार चुकला तर गुण लिहिण्याआधी विचारा, "हे तुला कुणी ऐकवलं होतं का?" उत्तर 'न्हाई' आलं, तर पेन खाली ठेवा.