उभ्या गाडीतला अपघात

असले अनुभव मी आजवर वाचत आले ते एकाच हेतूने – लिहिणाऱ्याची चूक नेमकी कुठे झाली ते शोधायला. अंधार असेल, ताप असेल, झोप झाली नसेल, काहीतरी सापडायचंच. मी पॉलिटेक्निकला मेकॅनिक्स शिकवते. वस्तूला बळ लावल्याशिवाय ती हलत नाही, हे मुलांच्या डोक्यात घालण्यावरच माझा पगार चालतो. त्यामुळे भुताखेतांशी माझं कधी जमलं नाही. आता स्वतःचं लिहायला बसलेय, आणि गेलं वर्षभर शोधूनही माझी चूक मला सापडलेली नाही...

आम्ही कोल्हापुरात कसबा बावड्याला राहतो. मी, माझा नवरा भूषण, सासूबाई आणि आमची आर्वी. सासूबाईंना घरात सगळेच अक्का म्हणतात. त्या शिरोळकडच्या, आवाज खणखणीत. आर्वी तेव्हा दहा महिन्यांची होती.

तिच्यासाठी कार सीट आणली आणि घरात भांडण सुरू झालं. दुकानदाराने सांगितलं होतं की ही दोन प्रकारे बसवता येते. एक म्हणजे गाडीचाच सीट बेल्ट तिच्यातून ओवून. दुसरं म्हणजे, मागच्या सीटच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, त्यांत कार सीटचे हुक अडकवून. माझं म्हणणं, हुकच लावायचे आणि बाळाचं तोंड मागच्या बाजूला ठेवायचं. गाडी जोरात थांबली तर सगळा धक्का पाठीच्या मोठ्या भागावर पसरतो, मानेवर येत नाही. भूषणचं म्हणणं, तोंड मागे केलं की तिला कुणी दिसत नाही आणि ती रडते. त्याला ती समोर बघणारी हवी होती, बेल्टने बांधलेली. अक्कांना तर दोन्ही नको होतं. "माझ्या मांडीवर काय खिळं उगवल्यात व्हय?" त्या म्हणायच्या. "भूषणला ह्याच मांडीवरनं हुबळीपतोर नेलतं मी."

त्या दिवशी आम्ही गगनबावड्याला भूषणच्या मावशीकडे निघालो होतो. थंडीचे दिवस, सकाळची वेळ, स्वच्छ ऊन. निघायला उशीर झाला होता, आणि मी खाली येईपर्यंत भूषणने सीट त्याच्या पद्धतीने बसवून टाकली होती. मी तशीच गाडीत जाऊन बसले. पण वाटेत प्रत्येक वळणाला ती सीट डुलायला लागली. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरना ओलांडताना भूषण ब्रेक मारायचा आणि आर्वी आख्ख्या सीटसकट पुढे कलायची. ती रडायला लागली. कळे सोडल्यावर अक्कांनी तिला काढून मांडीवर घेतलं, आणि ती लगेच शांत झाली. भूषणने आरशातून ते बघितलं आणि मग शेजारी माझ्याकडे बघितलं... त्या बघण्यानेच माझं डोकं फिरलं.

पुढे एक चहाची टपरी लागली. तिथे मी गाडी थांबवायला लावली. रस्त्यापासून बरीच आत, एका आंब्याखाली सपाट जागा होती. भूषणने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. आजूबाजूला दुसरी गाडी नव्हती.

मी खाली उतरून बेल्ट सोडला, सीट उलटी फिरवली आणि हुक कड्यांत दाबले. दोन्ही बाजूंना खटका वाजेपर्यंत गुडघा लावून दाबले. आर्वीला अक्कांच्या मांडीवरून उचलताना अक्कांनी तिला सहज सोडलं नाही. आम्ही दोघी जरा वेळ तिला धरून होतो, आणि मी बोलू नये ते बोलले. तुमच्या मांडीवर तिचं काही झालं तर कुणाला विचारायचं, असं काहीतरी. मग त्यांनी हात काढून घेतले. आर्वी किंचाळत होती. मी पट्टे आवळले, दार लावलं आणि पुढे भूषणशेजारी येऊन बसले. अक्का मागे, आर्वीच्या बाजूला, खिडकीकडे तोंड करून बसल्या. मागे बेल्ट लावायची सवय त्यांना नव्हतीच. भूषणने रागारागात स्वतःचा लावून घेतला होता. टपरीवाल्या बाई चहाचे दोन ग्लास घेऊन गाडीपाशी आल्या, ते बॉनेटवर ठेवले आणि त्यातला एक मला खिडकीतून द्यायला त्या उचलणार होत्या. मी तो घेण्यासाठी थांबले होते, म्हणून माझा बेल्ट हातातच राहिला.

आणि आपटलो.

दुसरा शब्द मला सापडत नाही. समोरून ट्रक येऊन धडकावा तसे आम्ही आपटलो. माझं तोंड डॅशबोर्डवर गेलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला कानांनी नाही, डोक्याच्या आतून ऐकू आला. मागे ठेवलेली पाण्याची स्टीलची बाटली माझ्या कानाजवळून गेली आणि समोरच्या काचेवर बसली, काच आतून तडकली. अक्का आमच्या दोन सीटच्या मधून, डोकं पुढे करून, गिअरवर येऊन पडल्या. त्यांचा हात त्यांच्याच अंगाखाली भलत्याच दिशेला वळला होता. भूषण "आई गं" एवढंच म्हणाला. बेल्टने त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं होतं.

मग सगळं थांबलं. तोंडात रक्त आणि दातांचे तुकडे. मी मागे वळले. आर्वीची सीट होती तिथेच होती. पाठ पुढच्या बाजूला, तोंड मागे, त्यामुळे ती मला दिसत नव्हती, आणि ती रडतही नव्हती... तेवढा वेळ मी आयुष्यात परत कधी जगू नये. मी मागे हात घातला तेव्हा तिने माझं बोट धरलं. मग ती रडायला लागली.

समोर बॉनेटवर चहाचे दोन्ही ग्लास उभे होते. काठोकाठ भरलेले. टपरीवाल्या बाई एका ग्लासाला हात लावून, तोंड उघडं टाकून आमच्याकडे बघत होत्या.

आमच्या आवाजाने रस्त्यावरून जाणारे दोन मोटरसायकलवाले आत वळले. त्यांच्यामागे उसाच्या ट्रॅक्टरवरचे चार-पाच जण आले. त्यांनी काय बघितलं? बाहेरून धड असलेली, झाडाखाली उभी गाडी. आत रक्ताने भरलेली बायको, हात मोडलेली म्हातारी, रडणारं पोर. आणि स्टिअरिंगवर बसलेला पुरुष, ज्याच्या अंगावर रक्ताचा थेंब नाही. त्यांनी दार उघडून भूषणला ओढून बाहेर काढलं. त्याच मोडलेल्या हाडाच्या बाजूने ओढलं. एकाने कानाखाली मारली, दुसऱ्याने पोटात लाथ घातली. "आई-बायकोला मारतोस व्हय रं?" मी ओरडत होते, पण तोंडातून शब्द निघत नव्हते, नुसतं रक्त येत होतं. त्यामुळे ते आणखीच चिडले. भूषण खाली पडला तरी ते लाथा घालत राहिले.

टपरीवाल्या बाई मध्ये शिरल्या. त्यांनाही एक बुक्की बसली, पण त्या भूषणच्या अंगावर आडव्या झाल्या. "मारू नगासा," त्या म्हणाल्या. "म्या हितंच हुतो. त्यो जाग्यावरनं हाललाबी न्हाय. मानसं आपसूक उडाली, आन् गाडी हुती तितंच."

माणसं थांबली, पण त्यांचा विश्वास बसला असं नाही.

कोल्हापूरच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी जखमा बघूनच विचारलं, कशाला धडकलात? मी म्हटलं, कशालाच नाही. मग त्यांनी पोलिसांना कळवलं, त्यांना तसं करावंच लागतं. पोलिसांना आधी वाटलं, आम्ही कुणालातरी उडवून आलोय. गाडी बघितली तर बंपरवर ओरखडासुद्धा नाही. मग एका महिला पोलिसाने मला एकटीला गाठून हळू आवाजात विचारलं, मॅडम, नवऱ्याने मारलंय का, घाबरू नका. मी नाही म्हटलं. तिने परत विचारलं.

भूषण सुटला तो त्याच्या छातीवरच्या वळामुळे. खांद्यापासून कमरेपर्यंत बेल्टचा तिरका, काळानिळा पट्टा उमटला होता. मारामारीत असा वळ उठत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. नंतर गॅरेजमध्ये मागची सीट काढली, तेव्हा कार सीटचे हुक अडकवलेल्या कड्या दिसल्या. बोटाएवढ्या जाड सळईच्या होत्या. दोन्ही पुढच्या बाजूला वाकल्या होत्या. त्या वाकायला किती बळ लागेल याचं गणित मी केलं. उत्तर आलं ते भरधाव गाडी भिंतीवर आदळल्याचं. ते उत्तर मी कुणाला दाखवलेलं नाही.

माझा भाऊ इचलकरंजीहून आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि भूषणच्या खोलीत न जाता परत गेला. आजही तो आमच्या घरी येत नाही. फोनवर मला एवढंच म्हणतो की तू कधीही ये, काही विचारणार नाही. त्याला मी दोष देत नाही. माझ्याच वर्गातल्या मुलीने मला हे सांगितलं असतं, तर मीही तिच्या नवऱ्याकडेच बघितलं असतं. भूषणला हे समजतं, पण तो आता माझ्याशी साधं भांडतसुद्धा नाही. आवाज चढायला लागला की उठून बाहेर जातो.

कुणी म्हणालं ती जागा वाईट, कुणी म्हणालं तिथे पूर्वी अपघात झालेला. मी जाऊन चौकशी केली. टपरीवाल्या बाई तिथे कित्येक वर्षं बसतात. तिथे कधी काही घडलेलं नाही, त्यानंतरही नाही.

अक्का आम्हा सगळ्यांपेक्षा उशिरा बऱ्या झाल्या. त्यांचा उजवा हात आता पूर्ण वर जात नाही. प्लास्टर निघाल्यावर एका दुपारी मी त्यांना जेवण भरवत होते. आर्वी खाली चटईवर खेळत होती. अक्का तिच्याकडे बघत म्हणाल्या, "सोनल, खरं सांग. तुला आदी कळलं हुतं न्हवं?"

मी म्हटलं, नाही अक्का, शपथ. मला फक्त राग आला होता.

त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

तेव्हापासून घरातून कुणी बाहेर निघालं, अगदी कोपऱ्यावर भाजी आणायला जरी, तर अक्का आधी माझ्या तोंडाकडे बघतात. मी काही बोलत नाही ना, याची खात्री करून घेतात आणि मगच जाऊ देतात. ज्या बाईंनी माझं कधी चमचाभर मिठाबद्दलसुद्धा ऐकलं नाही, त्या आता मला घाबरतात.

मला काहीच कळलं नव्हतं. त्या दिवशी काय झालं, ते आजही कळलेलं नाही.