गद्रेकाकूंचे डॅफोडिल

गद्रेकाकू आमची बेल वाजवायच्या आणि मी दाराशी पोचायच्या आत बाहेरूनच सांगायच्या, "मी आहे, गद्रे. काही झालेलं नाही." न सांगता आलेला माणूस वाईट बातमीच आणतो, अशी त्यांची खात्री होती. समोरच्याच्या काळजाचा ठोका चुकू नये म्हणून ही तजवीज. मला मात्र ते ऐकूनच काहीतरी झालंय असं वाटायचं.

सिंगापुरात, यिशुनच्या आमच्या ब्लॉकमध्ये त्या सातव्या मजल्यावर राहायच्या, आम्ही चौथ्या. लिफ्ट अडकेल म्हणून त्या सात जिने चढायच्या. सरकारी पाकीट आलं की काका घरी येईपर्यंत ते देवापुढे ठेवायच्या. डेंग्यूच्या धास्तीने स्वतःच्याच नव्हे, तर मजल्यावरच्या झाडून सगळ्या कुंड्यांखालच्या ताटल्या रोज उपड्या करायच्या. शेजारची चिनी आजी म्हणायची, "आंटी, ड्राय ऑलरेडी लाह." काकू तरी पुन्हा बोट फिरवून बघायच्या. मी चेष्टा केली की म्हणायच्या, "हस तू. भिऊन राहिलं की राहता येतं."

विमानात त्या आयुष्यात एकदाच बसल्या होत्या, इथे यायला. एकुलती एक मुलगी स्कॉटलंडला, आणि तिच्याकडे जायची हिंमत नाही. ती पानगळीच्या दिवसांत अंगणात डॅफोडिलचे कंद पुरायची, थंडी सरली की पिवळी फुलं यायची. काकूंनी तेच इथे करायचं ठरवलं. सिंगापुरात कसली पानगळ आणि कसला वसंत, बारा महिने एकच घाम. पण कंदाला थंडी लागल्याशिवाय फूल धरत नाही, म्हणून त्यांनी उपाय शोधला. तीन महिने फ्रीजमध्ये, मग एसीच्या खोलीत कुंडीत. "तिच्या अंगणात फुललं की माझ्या खिडकीतही फुलायला हवं. फोनवर दोघी एकच फूल बघू," त्या म्हणाल्या.

अडचण एकच होती. त्यांच्या फ्रीजमध्ये काकांची सफरचंदं असत, आणि सफरचंदाशेजारी ठेवलं तर कंदातली कळी आतल्या आत मरते. म्हणून सप्टेंबरच्या सुरुवातीला त्या जाळीची पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. आमच्याकडे दूध-दह्यापुरता एक जुना, छोटा फ्रीज होता. सासूबाई गणपतीसाठी पुण्याला गेल्या होत्या, पण चातुर्मासात घरात कांदा आणायचा नाही हा त्यांचा शिरस्ता आम्ही त्यांच्या मागेही पाळत असू. काकूंनी तोही विचार केला होता. "हे दिसतात थेट कांद्यासारखे, पण विषारी असतात. तुमच्याकडे कार्तिकीपर्यंत कांदा नाही, म्हणजे कुणी चुकून चिरणार नाही." तरीही पिशवीला तांबड्या अक्षरांतली चिठ्ठी शिवलेली होतीच: "विष. खाऊ नये."

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सासूबाई परत येणार होत्या. नैवेद्याच्या दुधाशेजारी 'विष' वाचून त्या मला काय काय ऐकवतील, या भीतीने मी ती चिठ्ठी उसवून टाकली. काकूंचं जरा अतीच असतं, असंही मनात होतं. सासूबाईंना तोंडी सांगू म्हटलं, आणि ते राहून गेलं.

कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून आले, तर सासूबाई टेबलाशी थालीपीठ खात होत्या. "चार महिन्यांनी कांदा, तोही मेला कडवट. आणि काय गं अनघा, कांदा कुणी फ्रीजमध्ये ठेवतं?"

ओट्यावर जाळीची पिशवी फाटून पडली होती. बाजूला दोन कंदांची सालं. मी त्यांच्यापुढचं ताट ओढून घेतलं.

थोड्याच वेळात त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. तोंडाला लाळ सुटली, हात गार पडले. त्यात त्यांना हृदयाचं दुखणं. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, मग काकूंना. त्या जिना उतरून अनवाणी आल्या. कंदांचं मूळ पाकीट मात्र त्यांनी आठवणीने आणलं होतं. "नाव डॉक्टरांना कळलं पाहिजे," म्हणाल्या आणि उरलेलं थालीपीठही डब्यात घातलं.

हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही दोघी तीन तास बसलो होतो. आतून कुणी काही सांगत नव्हतं. मी माणूस मारलाय, एवढंच डोक्यात फिरत होतं. मिलिंद, माझा नवरा, हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून धावत आला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "पिशवीवर काही लिहिलेलं नव्हतं?"

काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"राहिलं माझ्याकडून," त्या म्हणाल्या.

मी गप्प बसले. मला हायसं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते.

सासूबाई तिसऱ्या दिवशी घरी आल्या. "त्या बाईने पुन्हा या घराचा उंबरा ओलांडायचा नाही," असं त्यांनी बजावलं. काकूंनी उरलेले कंद कचऱ्यात टाकले आणि तो नाद सोडला. पुढे एकदा खाली, लिफ्टपाशी, मी त्यांना गाठलं.

"काकू, मी घरी खरं सांगते."

"आता सांगून काय? तुला त्यांच्याबरोबर राहायचंय. मी काय, तीन जिने वर." त्या जिन्याकडे वळल्या आणि दोन पायऱ्या चढून थांबल्या. "पण अनघा, चिठ्ठी मी दुहेरी दोऱ्याने शिवली होती."

त्यानंतर त्या आमच्याकडे कधी आल्या नाहीत.

गेल्या महिन्यात काकू गेल्या. झोपेतच. मुलगी येऊन सगळं करून गेली. त्या संध्याकाळी मी भाजी निवडत होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बाई मनाने वाईट नव्हती हो. निष्काळजी होती, एवढंच."

मी मान डोलावली.

सासूबाई आता ऐंशीला टेकल्या आहेत, पण हाती येईल ते मराठी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. हे छापून आलं की मी त्यांच्या खुर्चीवर ठेवणार आहे. मग स्वयंपाकघरात जाऊन, त्या हाक मारेपर्यंत तिथेच उभी राहणार आहे.