घटावरची पुरी आणि समुद्रातली नात

आमच्या गावात अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मधे एक खड्डा, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांच्यावर पाण्याची घागर, घागरीवर पुरी आणि भोवती गोल करून गहू, ज्वारी, तूर, सरकी. रात्री तिकडे कोणी फिरकत नाही. सकाळी काय हललं, काय सांडलं ते पाहून माझे दीर येणाऱ्या वर्षाचं भाकीत सांगतात. घागर म्हणजे समुद्र आणि पुरी म्हणजे पृथ्वी. ही पृथ्वी लग्न होऊन आल्यापासून मीच तळते. स्वतः तळलेल्या वस्तूची माणसाला फार भीती वाटत नाही. वैशाखाच्या वाऱ्यात पुरी वाळते, मुंग्या लागतात, कधी कावळा नेतो. नेली की दीर म्हणतात, कुठंतरी भूकंप होईल. जग मोठं आहे, कुठंतरी होतोच.

त्या वर्षी मात्र माझी नात समुद्रात होती.

ती माझ्या मुलाची एकुलती मुलगी. अमरावतीला जाऊन दगडमातीचं शिकली. गावातल्या बायका मला विचारत, दगड शिकून काय होते? मलाही ठाऊक नव्हतं. मग तिला नोकरी लागली ती जहाजावर. आपल्या पश्चिमेच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळाखाली काय आहे ते शोधणारं जहाज.

पहिल्यांदा जायच्या आधी ती माझ्याजवळ चुलीपाशी बसली. मी कणीक मळत होते. तिने परातीतला एक गोळा उचलला, दोन्ही हातांनी धरून हळूहळू ताणला. मधला भाग पातळ झाला, खाली लोंबला आणि तुटला.

"आजी, जमीन अशीच फाटते," ती म्हणाली.

फार फार पूर्वी आपल्या पश्चिमेला समुद्र नव्हता, जमीनच होती, असं तिने सांगितलं. ती ताणली गेली, खचली, फाटली, आणि मधे पाणी शिरलं. पलीकडचे तुकडे सरकत सरकत आफ्रिकेकडे गेले, आता त्यांची बेटं आहेत. आपल्या बाजूचा फाटका काठ पाण्याखाली पडला आहे. तो भिंतीसारखा सरळ तुटलेला नाही. पायऱ्यापायऱ्यांनी खाली बसला आहे, काही तुकडे कलंडले आहेत, आणि त्यांच्यामधे लांबच लांब खड्डे पडून त्यांत गाळ भरला आहे. तेल आणि वायू अशाच जागी सापडतो. जहाज मागे कोसभर लांब दोर ओढत नेतं, पाण्यात धमाके करतं, आणि खालून येणारा आवाज त्या दोरात पकडतं. मला एवढंच समजलं की कुंभाराकडे आपण मडकं वाजवून घेतो, चिरलेलं असलं तर आवाज सांगतो, तसं हे लोक समुद्राचा तळ वाजवून पाहतात.

मी विचारलं, आपल्या पायाखालचं काय? तर म्हणाली, आपली पूर्णा नदीही अशाच खचलेल्या जागेतून वाहते. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन तुटून खाली बसली आणि गाळाने भरली. म्हणूनच आपल्याकडे बोअर खोल नेला तरी काळा दगड लागत नाही. विहिरीचं पाणी खारं का, यावर मात्र तिच्या शिकवणाऱ्यांचंही एकमत नाही.

मी हे खारं पाणी आयुष्यभर प्याले. आपण बसलेल्या जमिनीवर राहतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कळून काही चांगलं झालं नाही. तेव्हापासून अंगणात खाट टाकताना मनात यायचं, हे खालचं अजून किती धरून राहील?

ती रोज संध्याकाळी आईच्या फोनवर दोन शब्द पाठवायची. जेवले, ठीक आहे, एवढंच. त्या वर्षी अक्षय तृतीयेच्या आधी ते दोन शब्द यायचे बंद झाले. टीव्हीवर अरबी समुद्रात वादळ तयार होत असल्याचं दाखवत होते. निळ्या नकाशावर पांढरं चक्र फिरायचं आणि माझा मुलगा त्याच्यासमोर बसून राहायचा. माणूस पन्नाशीचा, पण जेवताना घास हातात धरून विसरायचा. सून फोन घेऊन गच्चीवर जायची, जणू उंचावर समुद्र जवळ येतो. मी दोघांना म्हटलं, नेट नसेल. म्हटलं खरं, पण माझीही भाकरी त्या दिवसांत तव्यावर करपत होती.

पुरी मी नेहमीसारखीच तळली. सकाळी मुलाबरोबर शेतात गेले. घागर कलंडलेली होती, पाणी जिरून गेलं होतं. पुरीचे मधोमध दोन तुकडे झाले होते.

दिरांना कमी ऐकू येतं, म्हणून ते मोठ्याने बोलतात. "पृथ्वी फाटली," ते म्हणाले. "समुद्र जागा सोडन." मग त्यांची नजर माझ्या मुलावर गेली आणि ते गप्प झाले. धान्याचं सांगायचं होतं तेही त्यांनी घाईत उरकलं. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या गप्प राहण्याने मुलाचा चेहरा उतरला.

घरी आल्यावर तो फोन घेऊन गोठ्याकडे गेला. मी विचारलं नाही. मी ओट्यावर तुरीची डाळ निवडायला बसले. ऊन चढल्यावर तो येऊन माझ्याजवळ बसला आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याला मोठ्या आवाजावर ठेवून बोलायची सवय आहे, म्हणून मला सगळं ऐकू आलं. नातीच्या कंपनीच्या ऑफिसातला माणूस होता.

"आजींची तब्येत आता कशी आहे?" त्याने विचारलं.

मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. तो माणूस भला होता. तो सांगत राहिला. तुमच्या मुलीला निरोप दिला आहे. जहाज वादळाच्या वाटेतून बाजूला निघालं आहे, बंदरात यायला वेळ लागेल. पण घरात अशी वेळ असताना आम्ही तिला अडवणार नाही. एक सामानाची बोट किनाऱ्याकडे निघाली आहे, लहान होडीतून तिला त्या बोटीवर पोचवतो.

"लाटा जरा मोठ्या आहेत," तो म्हणाला, "पण खलाशी सरावलेले आहेत."

तेव्हा मला कळलं की मी मरायला टेकले आहे. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. नोकरीवरच्या माणसाला घरी बोलवायचं झालं की घरातलं म्हातारं माणूस सिरीयस करतात. माझे सासरे असे कितीदा तरी सिरीयस झाले आणि मग चांगले जगले. पण तेव्हा माणसं रेल्वेने नांदुऱ्याला उतरायची, तिथून बसने यायची. त्यात कोणाला लाटांवर उतरावं लागत नव्हतं.

मी मुलाच्या हातातून फोन घेतला.

"मी तिची आजी बोलून राह्यले. मले काहीच झालं नाही. तिले होडीत बसवू नका."

 मग त्याने विचारलं, "आजी स्वतः बोलताय?"

"मेल्यावर कोन बोलते, बाप्पा?"

तो म्हणाला, थांबा, मी जहाजावर कळवतो. होडी निघाली नसली तर, एवढं बोलला आणि पुढचं न सांगता त्याने फोन ठेवला.

मी मुलाला विचारलं, "काऊन केलं असं?"

"मले वाटलं, काही बी करून तिले जमिनीवर आना."

"जमिनीवर आनाले तिले पान्यात लोटलं तू."

त्याने मान खाली घातली. मला त्याची कीव आली नाही. सून देवापाशी जाऊन बसली. मी पुन्हा डाळ घेतली, कारण हात रिकामे ठेवणं जमत नव्हतं. पण खडा कोणता आणि डाळ कोणती हे बोटांना कळेना, दोन्ही सुपाबाहेर पडत होतं. तिने दाखवलेला तो कणकेचा गोळा सारखा डोळ्यासमोर येत होता, मधला पातळ भाग खाली लोंबणारा. मुलाने एकदा पुढे होऊन ऑफिसचा नंबर लावायला घेतला. मी म्हटलं, ठेव, त्याची लाईन अडवू नको.

ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा फोन वाजला. नंबर लांबलचक होता, मीच उचलला.

"आजी? तू बोलून राह्यली?"

"हाव, मीच. तू कुठं हायेस?"

माझं बोलणं तिकडे पोचायला वेळ लागत होता. तेवढ्या वेळात मी काय काय ऐकलं असेल ते सांगत नाही.

"जहाजावरच हावो. शिडीपाशी उभी होते. जाकीट घालून."

ती रडली. मग तिचं रडणं थांबलं आणि तिने बाप मागितला. फोन मोठ्या आवाजावरच होता. ती त्याला जे बोलली ते सगळं लिहीत नाही. एवढंच लिहिते की होडीत दोन खलाशी तिच्या आधी उतरून बसले होते, त्यांनाही घरं आहेत, असं ती म्हणाली. मुलगा नुसता हो हो करत राहिला. इतके दिवस गेले कुठे तिचे दोन शब्द, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. ते मी विचारलं. वादळामुळे त्यांना तो लांब दोर घाईने गुंडाळावा लागला होता आणि जहाजाचं नेट बंद पडलं होतं, कप्तानाचा फोन तेवढा चालू होता.

मी तिला पुरीचंही सांगितलं. फोन ठेवताना तिने विचारलं, "आजी, पुरी कुठून फाटली?"

"मधून."

"काठ जाड ठेवला होता?"

"ठेवतेच की."

"मग मधूनच फाटन ते."

वादळ दुसरीकडे वळलं. जहाज बंदराला लागलं आणि पाऊस लागायच्या आधी ती घरी आली, काळी पडलेली आणि भुकेली. दीर तिला पाहायला आले. म्हणाले, मी जे दिसलं ते सांगितलं. मी त्यांना चहा दिला. त्यांची चूक नव्हती, आणि पुरीचीही नव्हती.

पावसाळा संपला आणि ती परत निघाली. दारात बॅग ठेवून तिने बापाला सांगितलं, यापुढे घरी कोणी सिरीयस आहे म्हणून निरोप आला तर आजीच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी हलणार नाही. त्याने तिची बॅग उचलून खांद्याला लावली.

"अन् खरंच झालं तं?" तो म्हणाला. "तवा माय कशी बोलन?"

 बस आली, ती गेली.

आता ती पुन्हा समुद्रातच आहे. संध्याकाळी दोन शब्द येईपर्यंत मी जेवत नाही, मग सुनेला वाटो की म्हातारीला भूक लागत नाही. मुलाच्या त्या प्रश्नाचा विचार मी करून ठेवला आहे. सुनेला सांगितलं आहे, माझं बरंवाईट झालं की तिला तू कळव, नवऱ्याला फोन देऊ नको. आणि जहाज बंदराला लागल्यावरच कळव. तोवर मला ठेवू नका, आमच्या उन्हाळ्यात ठेवण्यासारखं नसतं.