साडूभाऊंचे अकरा श्रोते

बत्तीस पानांचं चित्रांचं पुस्तक एका बैठकीत अकरा वेळा वाचणारा, आणि अकराव्या वेळीही शेवटच्या पानावर काय होणार या काळजीने घामाघूम होणारा माणूस भंडारा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. हे मी अंदाजाने लिहीत नाही. मी समोर बसून मोजलं आहे. नवव्या वेळी मी चहाची आठवण केली, तेव्हा हाताने गप्प करत ते म्हणाले, "थांबा ना जी, हत्ती पुलावर आला आहे." आठही वेळा हत्ती पुलावरून सुखरूप गेला होता. पण त्याचं त्यांना काही नव्हतं.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, यजमान. चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत हजेरीच्या खिडकीवर त्यांनी सत्तावीस वर्षं काढली आहेत, आणि राहायला खाणीच्याच कॉलनीत आहेत. घरात दोघंच, मूलबाळ नाही. माझ्या मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला त्यांनी तिच्यासाठी एक चित्रांचं पुस्तक घेतलं, आणि हा सगळा प्रकार तिथून सुरू झाला. पुस्तक आमच्या मोहाडीच्या घरी वाढदिवसानंतर एकोणीस दिवसांनी पोचलं, कारण त्यांचंच पाहून व्हायचं होतं. चार दिवसांनी ते परत मागून नेलं, कारण एका पानावर झाडामागे कोणीतरी लपलं आहे अशी शंका त्यांना परतीच्या बसमध्ये आली. झाडामागे कोणी नव्हतं, असं त्यांनी नंतर मला प्रामाणिकपणे कळवलं. मुलगी आता बारावीला आहे. पुस्तक अजून चिखल्यालाच आहे.

पुढे त्यांनी ब्लॉग काढला. दर रविवारी एक पुस्तक, त्याची गोष्ट, चित्रं कशी आहेत आणि चुका कोणत्या. चुका काढण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. एका पुस्तकातली वांगी त्यांना पटली नाहीत, तर ते पुस्तक घेऊन मोहाडीच्या आठवडी बाजारात वांगी विकणाऱ्या बाईंसमोर जाऊन बसले. बाईंनी चित्र उभं-आडवं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे काही वांगं नाही बापा, हे दुखनं आहे." हे मत जसंच्या तसं ब्लॉगवर गेलं. त्या लेखाला चोवीस वाचक मिळाले असं मोजणीचा आकडा दाखवत होता. मी विचारल्यावर कळलं की त्यातले अकरा ते स्वतः होते आणि एकदा चुकून मी.

पण त्यांचा खरा जीव ब्लॉग लिहिणाऱ्या इतर मंडळींत होता. असे सहा जण मिळून पुस्तकांची भिशी चालवत. प्रत्येकाने दर महिन्याला एक पुस्तक टपालाने पुढच्याला पाठवायचं, वाचून त्यावर लिहायचं, आणि एकमेकांच्या लिखाणाखाली दोन शब्द टाकायचे. सहा वर्षांत यांतल्या कोणी कोणाला पाहिलं नव्हतं. फोनवरही बोलणं नव्हतं, सगळं लिहून. तरी साडूभाऊ त्यांच्याबद्दल घरच्या माणसांसारखं बोलत. लातूरचे एक डॉक्टर भिशीत होते, ते नेहमी आठ-दहा ओळी लिहीत. एकदा त्यांनी नुसतं "छान" लिहिलं. साडूभाऊंना जेवण गेलं नाही. "आज फक्त छान," ते मला म्हणाले. "डॉक्टरची तब्येत बरी नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या डॉक्टरला खोकल्यावर अडुळशाचा काढा कसा करायचा हे सविस्तर लिहून पाठवलं. डॉक्टरांनी आभार मानले, यावेळी चार ओळींत, आणि मग यांनी दोन वेळचं जेवण एकदम केलं.

भिशीच्या प्रमुख होत्या साताऱ्याच्या एक ताई. नियम त्यांचेच होते, एकूण सात. पहिला नियम असा, की पुस्तक मुलांना वाचून दाखवलंच पाहिजे, आणि कपाटात ठेवणाऱ्याला भिशीतून काढण्यात येईल. या नियमाखाली अकोल्याचे एक गृहस्थ आधीच बाहेर गेले होते. त्यांनी पुस्तकाला प्लॅस्टिकचं जाड कव्हर घालून ते कुलपात ठेवल्याचं त्यांनीच अभिमानाने लिहिलं होतं.

साडूभाऊ पुस्तक वाचून दाखवत, यात मला शंका नाही. मी तीनदा स्वतः हजर होतो. खाणीची पहिली पाळी दोनला सुटते आणि कामगारांना गावाकडे नेणारी गाडी अडीचला निघते. मधला अर्धा तास सायकल स्टॅंडच्या कडुलिंबाखाली साडूभाऊंचा असतो. खाणीतून वर आलेल्या माणसांचे हात कोपरापर्यंत काळे असतात, म्हणून आधी सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे आणि उलटसुलट करून दाखवायचे. मग ते पुस्तक छातीशी धरून उघडतात आणि डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवतात, टेबलफॅन फिरतो तसे. शेवटी बसलेला रोज ओरडतो, "बाबू, मले फक्त शेपूटच दिसली!" मग पुन्हा उलटं फिरायचं. असे ठरलेले श्रोते अकरा. सर्वांत लहान एकतीस वर्षांचा, सर्वांत मोठा अठ्ठावन्न.

ब्लॉगवर मात्र ते त्यांना नंबराने लिहीत. "आजच्या पुस्तकाला अकरापैकी नऊ जण हसले. चार नंबर झोपला. आठ नंबर हट्टी आहे, ससा जिंकला हे त्याने शेवटपर्यंत मान्य केलं नाही. दोन नंबरला अस्वलाची भीती वाटली, त्याला मध्ये बसवावं लागलं." हे वाचून साताऱ्याच्या ताईंना काय वाटलं असेल, ते आपण समजू शकतो. पहिल्याच वर्षी त्यांनी विचारलं होतं, तुमची मुलं किती वर्षांची आहेत? साडूभाऊंनी उत्तर दिलं, "लहानमोठी आहेत." हे खोटं नव्हतं. खरं होतं असंही मला म्हणता येत नाही. आठ नंबर म्हणजे भल्या मोठ्या मिशांचा, दगडात भोकं पाडणाऱ्या यंत्रावरचा माणूस, आणि दोन नंबरला दोन नातू आहेत.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी साडूभाऊ पहिल्या बसने मोहाडीला आले आणि चपला न काढताच दारात म्हणाले, "अकरा पोट्टे पाहिजेत."

"कायले?" माझी बायको आतून म्हणाली.

"एका दिवसापुरते. सहा ते नऊ वर्षांचे. त्यात एक हट्टी पाहिजे."

ताईंचं पत्र आलं होतं. त्या नवरा आणि मुलाला घेऊन नागझिऱ्याचा वाघ पाहायला येणार होत्या, आणि साकोलीहून परतताना वाट वाकडी करून चिखल्याच्या मुलांना भेटणार होत्या. अकरा लोकरीच्या टोप्या विणून तयार होत्या. मी म्हणालो, साडूभाऊ, सरळ लिहून टाका की श्रोते मोठे आहेत.

"लिवलं तं भिशी गेली," ते म्हणाले. "पहिलाच नियम आहे ना जी. अख्ख्या महाराष्ट्रात माझं लिहिलेलं वाचणारे पाच जण. एक ताई, बाकीचे चार ताईचं ऐकणारे. ते गेले तं मी रविवारी उठू कायले?"

हे ते गमतीने म्हणत नव्हते. तरी मी सांगितलं की मी खोटं बोलणार नाही. त्यावर बायको म्हणाली, "तुमाले खोटं बोलाचं नाही, तं नका बोलू. पोट्टे तेवढे मोजून द्या." मी मोजून दिले. आमच्या गल्लीतले सात, तलावाकडच्या घरांतले तीन, असे दहा झाले. अकरावं मिळेना. साडूभाऊंनी माझ्या मुलीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बसून राहिली तं चालते." मुलगी तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

पण हा बेत कडुलिंबाखाली फुटला. साडूभाऊंचं वाचनात लक्ष नव्हतं, एकाच पानावर दोनदा टेबलफॅनसारखे फिरले, तेव्हा श्रोत्यांनी खोदून विचारलं आणि यांनी सांगून टाकलं. आठ नंबर उठून उभा राहिला.

"म्हंजे पुस्तक आमी आयकाचं, आन टोपी मोहाडीच्या पोट्ट्याईनं घालाची?"

"अरे, ताईले मुलं पाहाची आहेत रे."

"मंग आमी कोनाचे पोरं नाही काय?"

त्या दिवशी पुस्तक अर्धंच राहिलं. साडूभाऊंनी मला फोन करून सगळं सांगितलं. मग म्हणाले, "आठ नंबरचं खरं आहे जी. मुलं राहू द्या तुमची." मी दहा आयांना सांगून ठेवलं होतं, त्या दहा दारांवर पुन्हा जाऊन माफी मागितली. दोघींनी कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं आणि त्यांना ते पटलं नाही.

ताई आल्या तो खाणीचा सुटीचा दिवस होता. तरी अकराच्या अकरा जण आपापल्या गावांहून सायकली, मोटारसायकली काढून आले होते. डोक्याला तेल, इस्त्रीचे शर्ट, दोघांच्या अंगात तर लग्नातले कोट. कॉलनीच्या चौथऱ्यावर नंबराप्रमाणे ओळीने बसले होते. अक्कांनी उकडलेल्या शिंगाड्यांचं मोठं भगुणं मध्ये ठेवलं होतं, पण कोणी हात लावत नव्हतं, कारण हात धुवून दाखवायचे राहिले होते. गाडी थांबली. ताई उतरल्या, ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, हातात फुगलेली पिशवी. मागून नवरा आणि नऊ-दहा वर्षांचा मुलगा.

"नमस्कार. मुलं कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

साडूभाऊंनी बोलायचं सगळं पाठ केलं होतं. माझ्यासमोर दोनदा म्हणूनही दाखवलं होतं. त्यातलं त्यांना एकही अक्षर आठवेना. त्यांनी ओळीकडे हात केला. "हेच," ते म्हणाले. "सहा वर्षांपासून हेच आहेत ताई."

ताईंनी बोटाने मोजलं. बरोबर अकरा. मग पुन्हा एकदा मोजलं. साडूभाऊंचा चेहरा असा झाला होता की मला त्यांच्याकडे पाहवेना, म्हणून मी शिंगाडे मोजू लागलो. चौदापर्यंत आलो असताना आठ नंबरने घसा खाकरला.

"ताई, त्या बेडकाचं तेविसावं-चोविसावं पान कुठी गेलं?"

याचा खुलासा केला पाहिजे. साताऱ्याहून भिशीत आलेल्या एका पुस्तकातलं एक पान फाटलेलं होतं. बाविसाव्या पानावर बेडूक विहिरीत पडतो आणि पंचविसाव्या पानावर तो लग्नाच्या पंगतीत बसलेला असतो. मध्ये काय झालं यावर कडुलिंबाखाली चार महिने वाद चालू होता. आठ नंबरचं म्हणणं, विहिरीतल्या बेडकीशीच त्याचं लग्न लागलं, पंगत त्याचीच आहे. तीन नंबरचं म्हणणं, वऱ्हाडासाठी पाणी काढताना तो बादलीतून वर आला. यावरून दोघं आठवडाभर वेगळे बसले होते.

ताई लाल झाल्या. "ते पान यानं फाडलं," त्या मुलाकडे बोट करून म्हणाल्या, "आणि होडी केली. मी पुस्तक तसंच पाठवून दिलं. कुणाच्या लक्षात येणार नाही म्हटलं."

"आमच्या पहिल्याच दिवशी ध्यानात आलं," तीन नंबर म्हणाला.

मग ताई चौथऱ्याच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी ते दोन पानांचं सांगितलं. हात खोल खाली नेऊन विहीर दाखवली. गाल फुगवून बेडूक ओरडला, तेव्हा कॉलनीतली दोन कुत्री उठून आली. अकरा जण पुढे झुकत गेले. बेडूक बादलीत बसतो हे ऐकताच तीन नंबरने आठ नंबरच्या पाठीत असा धपका मारला की त्याच्या खिशातला कंगवा उडाला. "बादली म्हनलो होतो का नाही बे!" आठ नंबर म्हणाला, "बाई पाहुनी आहे म्हनून चूप आहो."

जाताना ताई साडूभाऊंना म्हणाल्या, "नियमाचं काय करायचं ते मी साताऱ्याला जाऊन ठरवीन. टोप्या मात्र आत्ताच वाटते." टोप्या सहा वर्षांच्या डोक्यांच्या मापाच्या होत्या. अकरा मोठ्या डोक्यांवर त्या शाईच्या दौतीला बसवलेल्या बुचांसारख्या दिसत होत्या. तशाच घालून सगळे गाडीला हात करायला रस्त्यापर्यंत गेले.

पुढचा आठवडा साडूभाऊंनी कसा काढला ते अक्कांना विचारा. रविवारी मी मुद्दाम चिखल्याला गेलो. ताईंचा लेख आला होता. साडूभाऊंनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. अकरा जणांचं सगळं खरं लिहिलं होतं, होडीचंही, आणि खाली आठवा नियम होता: ऐकणाऱ्याचं वय विचारू नये. त्याखाली लातूरच्या डॉक्टरांच्या बारा ओळी होत्या. भिशी राहिली होती. मी म्हणालो, साडूभाऊ, आता तरी अक्कांना गोडाचा शिरा करायला सांगा.

लेख त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला, यावेळी मनातल्या मनात, आणि मध्येच थांबले.

"काय झालं?"

"काही नाही जी," ते म्हणाले. "सहा वर्षं मी ताईचं वाचत होतो ना, तं त्याले मनात एक आवाज होता. हळू बोलनारा. आता ताई खरंच बोलली, तं तिचा आवाज निराळाच निघाला. मोठा, हसरा. चांगला आहे."

"मग बरंच झालं की."

"हो, बरंच झालं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पन तो पहिला आवाज आठवून पाहून राहिलो, तं येतच नाही आता."