आठ नसलेली संख्या

आज मुरुमला माझ्या चुलत आजोबांचा सत्कार होता. माईकवर आबांनी रझाकारांच्या वेळची गोष्ट सांगितली.

निजामाच्या सरहद्दीवरच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या छावणीत येणाऱ्याला आबा एक मोठी संख्या सांगत. एकच अंक उरेपर्यंत तिच्या अंकांची बेरीज करत जायची, ही खूण फक्त आपल्या माणसांना माहीत होती.

"एका दुपारी एक अनोळखी आला. म्या म्हणलं, एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे एकोणऐंशी. एक ते नऊ समदे आकडे, म्हंजी उत्तर नऊ. त्यो म्हणला, एक. हेरच व्हता. कुऱ्हाडीच्या दांड्यानं डोकं फोडलं."

टाळ्या पडल्या.

जेवताना आबा हसत म्हणाले, "काय इंजिनेर बाई, हिशेब बराबर हाय ना?"

मी संख्या लिहून दाखवली. तिच्यात आठ नाही. बेरीज सदतीस, मग दहा, मग एक.

आबांनी हातातला घास खाली ठेवला. "दात पडले तरी एक, एक म्हणत व्हता," ते म्हणाले. "नाव इचारलंच न्हाय आमी."

तुमच्या घरातलं कुणी तेव्हा छावणीत जातो म्हणून निघालं आणि परत आलं नाही, असं असेल तर मला त्यांचं नाव कळवाल का?