कडी कुणी लावली

हे मी कुणालाच सांगितलेले नाही — मुलाला नाही, सुनेला नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला का सांगतो आहे? ठाऊक नाही. स्वस्थ बसवत नाही, एवढेच खरे.

शहापुरात मला अर्जवाले अण्णा म्हणतात. मराठीतून कागदपत्रे मिळावीत म्हणून बेळगावच्या कचेऱ्यांना मी आयुष्यभर पत्रे लिहिली — कलमे नमूद करून, पोचपावत्या जपून. पुराव्यावाचून आरोप करू नये, असे इतरांना बजावत आलो. मी!

नात इरा तेव्हा चार वर्षांची. बालवाडीत कानडी मुलांशी खेळता खेळता दोन्ही भाषा तिच्या तोंडी मिसळल्या होत्या. मुलांचे असेच होते; त्यात अपराध कुठला? पण एका संध्याकाळी निवेदनावर सह्या करायला माणसे जमली असताना ती मला कानडीत हाका मारत बैठकीत आली. कुणीतरी म्हणाले, "अण्णा, तुमच्या घरातच कन्नड शाळा निघाली की हो!" सगळे हसले.

मीही हसायला हवे होते. माणसे पांगल्यावर, मुलगा-सून घरी नसताना, मी तिला जुन्या हातमागाच्या अंधाऱ्या खोलीत ढकलले आणि बाहेरून कडी लावली. आधी ती मराठीत रडली. मग, भीतीने भान सुटल्यावर, "बागला तगी, बागला तगी" — दार उघड, दार उघड — कानडीत. तेवढ्यासाठी... ऐकताय ना? तेवढ्यासाठी मी कडी काढायला आणखी उशीर केला.

पुढे ती बालवाडीत बोलेनाशी झाली. कुणी दार लोटले, की कपडे ओले करी. तिथल्या बाई कानडी होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन मोडक्या मराठीत विचारले, "आजोबा, पोरगी लई गप्प झाली. घरात कोण रागावलं काय हो?"

प्रश्न मायेचा होता. मला तो उलटतपासणीसारखा झोंबला. आणि पालकांच्या सभेत उभे राहून मी सांगितले — मुलगी मराठी बोलते, म्हणून या बाईच तिला खोलीत कोंडतात. साक्षीदार कोण, असे कुणीही विचारले नाही. माझ्या शब्दाला तेवढे वजन होते. बाई नुसत्या इराकडे पाहत राहिल्या. इरा माझे बोट धरून उभी होती. सगळे ऐकत होती.

बाईंना कामावरून काढले.

इरा आता मोठ्या शाळेत जाते. बंद खोलीत तिला अजून बसवत नाही. परवा मैत्रिणीने कारण विचारले, तेव्हा तिने शांतपणे सांगितले, की लहानपणी बालवाडीच्या बाईंनी कोंडले होते. बाईंनी कडी लावल्याचा आवाजसुद्धा तिला आठवतो म्हणे. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "व्हय न्हवं, आजोबा? तुम्हीच सोडवलंत न्हवं मला?"

मी मान हलवली. होकारार्थी.