सहाव्या पानावरची पट्टी

“करून बघितलं का?”

काकांचा हा एकच प्रश्न. कोणी कितीही सुबक लिहून आणलेलं असो, ते आधी चष्मा कपाळावर सरकवायचे, कागद बाजूला ठेवायचे आणि हे विचारायचे. उत्तर ‘नाही’ आलं की कागद न वाचताच परत. तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्यासमोर खोटं बोलताना जीभ अडखळते. माझी अडखळली नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

परळीतल्या एका मळणीयंत्रांच्या कारखान्यात आम्ही नोकरीला होतो. यंत्राबरोबर द्यायच्या माहितीपुस्तिका मी आणि माझे वरिष्ठ लिहायचो; त्यांना सगळेच काका म्हणत. सकाळी टेबलावरून पुसलेली वीजकेंद्राची राख दुपारपर्यंत पुन्हा बसायची. काका ती पंच्याने झटकायचे आणि कामाला लागायचे. नवं यंत्र आलं की ते स्वतः खोलून, जोडून, चालवून बघत आणि मगच लिहीत. एवढ्याने भागत नसे. सुटे भाग न्यायला आलेल्या एखाद्या शेतकऱ्याला धरून ते म्हणत, “वाचा आन तसंच करा. मी बोलणार न्हाई.” मग हात पाठीमागे बांधून, ओठ मिटून उभे राहत.

एकदा एक शेतकरी ‘पट्टा थोडा ढिला ठेवा’ या वाक्याशी थांबला. थोडा म्हणजे किती, असं त्याने विचारलं. काकांनी त्याच्यासमोरच वाक्य खोडून लिहिलं, ‘दोन बोटे जातील इतका.’ त्याला चहा पाजला आणि संध्याकाळपर्यंत खुशीत होते. माझं सगळं शिक्षण हे असं, त्यांच्या शेजारी उभं राहून झालं.

मग देशात खुलं धोरण आलं. आमच्या मालकांनी परदेशी कंपनीशी करार केला, टाइपरायटर अडगळीत गेले आणि टेबलावर संगणक आला. साहेब उठता-बसता म्हणू लागले की काळाबरोबर राहिलं पाहिजे. त्यासाठी मला औरंगाबादला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. त्या तीन दिवसांची मला आजही शिसारी येते. हॉटेलच्या गार हॉलमध्ये टाय लावलेला एक गृहस्थ पडद्यावर आकृत्या दाखवत होता. त्याने आयुष्यात मळणीयंत्र पाहिलेलं नव्हतं आणि त्याची त्याला लाजही नव्हती. आम्ही दोन्ही वेळा पनीर हाणलं, माना डोलावल्या आणि सोनेरी काठाचं सर्टिफिकेट घेऊन आलो. मी ते लॅमिनेट करून खुर्चीमागच्या भिंतीवर लावलं.

काकांना कोणी पाठवलं नाही. चोपन्नाव्या वर्षी त्यांनी आपणहून बाजारातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये संगणकाचा क्लास लावला. चपला बाहेर काढायच्या, कॉलेजच्या पोरींच्या रांगेत बसायचं आणि एकेक अक्षर शोधत बोट आपटायचं. “न्हाई शिकलो तर काढतील बे मला,” असं एकदाच म्हणाले आणि हसले. ते हसणं खरं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

त्याच सुमारास नवं मॉडेल आलं. पुस्तिका माझ्याकडे होती. मी फ्लॉपीतली जुनी पुस्तिका उघडली, यंत्राचं नाव बदललं आणि वर झगझगीत मुखपृष्ठ चढवलं. तासाभरात काम उरकलं. नवं यंत्र गोदामात उभं होतं, माझ्या खुर्चीपासून वीस पावलांवर. मी उठलो नाही. ‘तपासले’ या रकान्यात काकांची सही तेवढी हवी होती. चार वाजत आले होते आणि ते पिशवी खांद्याला लावून क्लासला निघाले होते.

“करून बघितलं का?”

“हो, काका.”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उभ्या उभ्या सही केली. स्वतः न बघता केलेली त्यांची ही पहिली सही.

जुन्या यंत्रात खटका ओढला की कणसं झोडणारा ढोल थांबायचा. नव्यात खटक्याने फक्त कणसं आत ओढली जाणं थांबायचं, ढोल फिरतच राहायचा. माझ्या सहाव्या पानावर मात्र जुनंच होतं: ‘खटका ओढा आणि अडकलेली कणसे हाताने काढा.’ दिंद्रुडच्या एका शेतकऱ्याने तसंच केलं. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. समोर पुस्तिका होती आणि तिच्या कच्च्या प्रतीवरची सही. जुनी माणसं नवं शिकत नाहीत त्याचा हा परिणाम, असं साहेब म्हणाले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, “सही माझी हाय.”

मला बोलायला भरपूर वेळ होता. मी खिडकीतून वीजकेंद्राच्या धुराकडे बघत बसलो. काकांना काढलं आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. त्या दिवशी स्वतःची किळस आली असती, तर थोडी तरी माणुसकी उरली होती असं म्हणता आलं असतं. पण मला सुटल्यासारखं वाटलं होतं. किळस नंतर आली आणि आता जात नाही.

पुढच्या पुस्तिका दुरुस्त करून छापल्या. आधी विकलेल्या यंत्रांचं काय, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

काही वर्षांनी काका वारल्याचं कळलं. मी गेलो नाही. त्यानंतरच्या सुगीत एका तक्रारीसाठी मला युसूफ वडगावला जावं लागलं. शेतकऱ्याने आतून पुस्तिका आणून दिली. तेलाच्या डागांनी भरलेली, माझीच. सहाव्या पानावर खळीने एक कागदाची पट्टी चिकटवलेली होती. संगणकावरची अक्षरं, ओळ थोडी तिरकी: ‘इंजिन बंद करा. ढोल पूर्ण थांबला हे डोळ्यांनी पाहा. मगच हात घाला.’ खाली शाईने लिहिलं होतं, ‘करून पाहिले,’ आणि ओळखीची सही.

“एक म्हातारं आलतं सायकलीवर,” तो म्हणाला. “दुकानदाराकडून पत्ता काढला म्हनलं. समद्या गिऱ्हाइकांकडं जातंय म्हनं. पट्टी लावली, मला म्हनलं वाचा आन तसंच करा. मंग हात मागं बांधून गप उभं राहिलं.”

त्याने पट्टीवरून अंगठा फिरवला.

“लई बरं झालं बघा. पन सायेब, हे पट्टीखालचं चुकीचं कुणी लिवलं वो?”

मी पुस्तिका मिटून त्याच्या हातात दिली.

“माहीत नाही,” मी म्हणालो.